जलसुरक्षा : अठ्ठ्याण्णव टक्के

६ जानेवारी २०२५, सोमवार

वर्ष सुरू होऊन आठवडा नाही झाला, तोच वरून पत्र. सगळ्या पोलीस कर्मचाऱ्यांना सक्तीचं ऑनलाइन प्रशिक्षण. सहा कोर्स, चाळीस तास, मुदत ३१ मार्च. जो पूर्ण करणार नाही त्याचं नाव पदोन्नतीच्या यादीत धरणार नाहीत. सही वाचता येत नाही, शिक्का मात्र ठळक आहे.

ठाण्यातले बाकीचे तोंड पाडून बसले. मी नाही. एकतीस वर्षं झाली नोकरीला. सहायक फौजदार. खांद्यावर एक स्टार आहे, दुसरा जूनच्या यादीत येतोय. जागा अकरा. माझा नंबर अकरावा, अनीस शेखचा बारावा. रंजनाने माहेरी सारंगखेड्याला सांगूनही टाकलंय की आमचे हे फौजदार झाले. आता फक्त व्हायचंच बाकी आहे.

संकल्प : पहाटे पाचला उठणे. एक तास कोर्स, एक तास पळणे. वजन ९४ वरून ८०. चहा बिनसाखरेचा. सगळं स्वतः करणे. रोज डायरी लिहिणे.

७ जानेवारी, सकाळी ८.१०

पाचला गजर झाला. तो रंजनाने ऐकला. ती म्हणे, तुम्ही गजर मन्हासाठे लावतस का? बायकांना शिस्तीचं महत्त्व नसतं. शरीराने झोप मागितली तर ती द्यावी, जबरदस्तीचा अभ्यास डोक्यात राहत नाही. पळणं थंडी कमी झाल्यावर.

चहा बिनसाखरेचा घेतला. दुसरा साखरेचा.

९ जानेवारी

पोर्टल उघडलं. पासवर्ड तीनदा चुकला, खातं बंद पडलं. ज्याने हे पोर्टल बनवलं त्याला एकदा आमच्या लॉकअपमध्ये बसवलं पाहिजे.

संध्याकाळी उघडलं. पहिला कोर्स ‘ताणतणाव व्यवस्थापन’. एक बाई गोड आवाजात म्हणाली, डोळे मिटा, खोल श्वास घ्या. चौथ्या मिनिटाला झोप लागली. म्हणजे ताण गेला. उरलेले तीन तास कशाला बघायचे? पण पोर्टलला अक्कल नाही, ते ‘२ टक्के पूर्ण’ दाखवतंय.

१३ जानेवारी

मार्ग काढला. आमच्या ठाण्यात हजेरी आणि ड्युटी वाटपाचं रजिस्टर माझ्याकडे असतं. कोण कुठे उभा राहणार, कोणाला सुट्टी, सगळं माझ्या पेनातून. कॉम्प्युटरवर रोशनी पावरा बसते. शिपाई, वय सव्वीस, तोरणमाळकडची, बीएस्सी झालेली. तसंही दिवसभर तिचे डोळे स्क्रीनवरच असतात. तिला बोलावून माझा फोन आणि पासवर्डची चिठ्ठी दिली.

ती म्हणाली, सर, माझेही सहा कोर्स आहेत. शिवाय खात्यांतर्गत फौजदार परीक्षेचा अभ्यास आहे. मी म्हटलं, बेटा, आधी वडीलधारे. तिने चिठ्ठी खिशात ठेवली. समजूतदार आहे. मी तिला मुलीसारखीच मानतो.

काम योग्य माणसाकडे सोपवणं यालाच लीडरशिप म्हणतात. तसा एक कोर्सही असेल.

२१ जानेवारी

‘ताणतणाव व्यवस्थापन’ पूर्ण. ८८ टक्के! खरंच हलकं वाटतंय. चहाच्या वेळी सर्वांना सांगितलं की श्वासावर नियंत्रण हवं.

अनीस स्वतः करतो. अगदी स्वतः. जेवणाच्या सुट्टीत कानात वायर घालून, वहीत लिहून घेत बसतो. इंग्रजी शब्द अडला की मुलीला फोन. रिम्शा तिचं नाव, डी. फार्मसी करते. पहिल्या परीक्षेत त्याला ४१ मिळाले. नापास. मी म्हटलं, अनीसभाई, कशाला जिवाला ताप? दे कुणाला तरी. तो म्हणे, दादा, मी सोता करी ऱ्हायनू, व्हई तितकं व्हई. वडील गाद्या भरायचे, त्यामुळे हातानेच सगळं करायची सवय. मला त्याची कीव येते.

३ फेब्रुवारी

सहावा कोर्स आपल्या आवडीचा निवडायचा. यादीत चौदा होते. मी सगळ्यात छोटा शोधला. ‘जलसुरक्षा आणि पूरबचाव’, फक्त दीड तास. बाकीचे आठ-आठ तासांचे. रोशनीला म्हटलं, हाच भर.

तिने विचारलं, सर, तुम्हाला पोहता येतं ना? काय प्रश्न आहे! मी तापीकाठचा माणूस. आमच्याकडे मूल आधी पोहतं, मग चालतं. चौथीत असताना आमची सगळी गँग नदीवर जायची. मी काठावर सगळ्यांचे कपडे सांभाळायचो. कोणीतरी सांभाळायला हवेच होते. नाहीतर सगळे नागडे घरी गेले असते. पाण्याचा अभ्यास काठावरूनच चांगला होतो.

११ फेब्रुवारी

‘महिला व दुर्बल घटकांशी सन्मानाने वागणूक’ पूर्ण. ९१ टक्के. रोशनीला दोन दिवस ताप होता, तरी हा कोर्स तिने संपवला. मध्येच डोकं टेबलावर टेकवायची. मी स्वतः तिच्यासाठी क्रोसिन मागवली. या विषयात मला मुळातच गती आहे.

१८ फेब्रुवारी

अनीस पाच कोर्स पास. कसेबसे. ५८, ६१, ५४ असे मार्क. मी रोशनीला स्पष्ट सांगितलं की माझं काही ९५च्या खाली नको. यादी बनवताना साहेब लोक मार्क बघणारच.

ती म्हणाली, सर, फार मार्क आले की वरच्यांचं लक्ष जातं. मी म्हटलं, जाऊ दे की लक्ष! त्यासाठीच तर मर मर मरतोय. तिच्या चेहऱ्यावर मला जरा जळफळाट दिसला. गरिबीतून वर आलेल्या पोरींना मोठ्यांचं कौतुक सहन होत नाही.

तिने पुन्हा दोन दिवस सुट्टी मागितली. तिचे सहाही कोर्स शून्यावर आहेत म्हणे. अर्ज ड्रॉवरमध्ये ठेवला. बघू.

२४ फेब्रुवारी

जलसुरक्षा : ९८ टक्के.

नव्वदही नाही, पंच्याण्णवही नाही. अठ्ठ्याण्णव! रंजनाला फोन करून सांगितलं. ती म्हणे, कसाना? म्हटलं, पाण्याचा. ती म्हणे, तुम्ही ते न्हानीमा सुद्धा पाय घसरी पडतस. संसारात माणसाची किंमत कधी होत नाही.

१५ मार्च

होळीचा बंदोबस्त संपला. चार दिवस सातपुड्यात. रोशनीला मीच लावलं. तिला तिकडची भाषा येते. पहिल्या ढोलापासून शेवटच्या ढोलापर्यंत ती उभी होती. मी जीपमध्ये बसून एकूण परिस्थितीवर नजर ठेवून होतो. डोळे मिटले तरी कान उघडे असतात.

परत आल्यावर लक्षात आलं, माझा ‘नवीन कायदे’ राहिलाय. रोशनीच्या पायाला सूज होती, बूट घालता येईनात. म्हटलं, बरंच झालं, कॉम्प्युटरवर बसायला बूट लागतच नाहीत. तीही हसली. म्हणजे मला वाटतं हसली.

पळणं रमजान संपल्यावर सुरू करणार. अनीसचा रोजा असतो, त्याच्यासमोर घाम गाळत जाणं बरं दिसत नाही.

३१ मार्च, ईद

माझे सहाच्या सहा पूर्ण. प्रमाणपत्रं रंगीत काढली, लॅमिनेट केली. प्रत्येकावर ‘मी हे प्रशिक्षण स्वतः पूर्ण केले आहे’ असं छापलेलं, त्याखाली माझी सही. सही मात्र खरोखर स्वतः केली.

अनीसचा शेवटचा कोर्स काल इफ्तारच्या आधी झाला. ६३ टक्के. आज ठाण्यात सगळ्यांसाठी शीरखुर्मा घेऊन आला. चेहऱ्यावर असा आनंद, जणू हा जिल्ह्यात पहिला आलाय. मी दोन वाट्या घेतल्या.

रोशनी सकाळपासून स्वतःच्या कोर्सला बसली. सर्व्हर बंद. सगळ्या राज्याला आजच जाग आली. रात्रीपर्यंत ती ‘लोड होत आहे’ बघत बसली. शून्य ते शून्य. मी समजावलं की नियोजन आधीपासून हवं, शेवटच्या दिवशी धावपळ करून काही होत नसतं.

न पूर्ण करणाऱ्यांचा अहवाल मलाच पाठवायचा होता. एकच नाव. मनावर दगड ठेवून लिहिलं : ‘सदर महिला शिपायाने पुरेसा वेळ व संगणक उपलब्ध असूनही एकही कोर्स केला नाही. वृत्ती निष्काळजी.’ मुलीसारखी आहे, म्हणूनच कडक वागलो.

७ एप्रिल

जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांच्या कार्यालयातून फोन! उद्या स्वच्छ युनिफॉर्मवर हजर राहा. जलसुरक्षेत मी जिल्ह्यात पहिला. नुसता पहिला नाही, दुसऱ्याला ७१ आहेत.

रंजनाला पेढ्यांची ऑर्डर द्यायला सांगितली. आगाऊ.

८ एप्रिल

साहेबांनी उभं राहून हात मिळवला. म्हणाले, पाटील, आम्ही अशाच माणसाच्या शोधात होतो. नर्मदेच्या काठी मणिबेलीच्या अलीकडे बोटीवरची नवीन चौकी सुरू होतेय. जलबचाव प्रमुख म्हणून तुम्ही जायचं. फोटो काढला. मी म्हटलं, होय सर. एकतीस वर्षांत तोंडाला दुसरा शब्द शिकवलेलाच नाही.

साहेब म्हणाले, तिथल्या कामाचा माझा शेरा यादीत महत्त्वाचा राहील. म्हणजे स्टार वाटेतच आहे, फक्त पाण्याच्या वाटेने येतोय.

रोशनीला शिक्षा झाली. ज्यांनी ऑनलाइन केलं नाही त्यांना नाशिकला सहा आठवड्यांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. हॉस्टेलवर राहायचं, ड्युटी नाही, दिवसभर वर्ग, संध्याकाळी लायब्ररी. भोग म्हणावं आता. ट्रंक घेऊन जाताना मला नमस्कार करून गेली. ट्रंकेत पुस्तकंच पुस्तकं. चेहरा पडलेला असेल असं वाटलं होतं. पण ती चक्क खुशीत होती. शिक्षेचा अर्थसुद्धा कळत नाही या पोरींना.

१६ एप्रिल

मोलगीपर्यंत एसटी, पुढे जीप, पुढे पाणी. धरणाने अडवलेलं नर्मदेचं पाणी. ही नदी नाही. हा समुद्र आहे, फक्त मिठाचा खर्च वाचवलाय.

आमची सरकारी बोट दुरुस्तीला गेलीय. तोवर रेवाबाईच्या बोटीतून फिरायचं. ही पन्नाशीची बाई, नवरा गेल्यापासून स्वतः इंजिन चालवते. रेशन, बकऱ्या, बाळंतिणी, मास्तर, सगळं तिच्याच बोटीतून. लाइफ जॅकेट मला पोटावर बसत नाही. साइज चुकीचा पाठवलाय.

मधोमध आल्यावर तिने हाताने खाली दाखवलं. म्हणाली, इथे माझं सासरचं घर होतं, मोहाचं झाड होतं दारात. एसटीचा थांबा दाखवावा तशी म्हणाली. तिचा दीर वाहरू इंजिनापाशी बसला होता, त्याने मान हलवली. मी वर आकाशाकडे बघितलं. खाली बघायची काही गरज नव्हती. बोटीचा काठ धरून धरून बोटं वाकडी झालीयत.

२ मे

अजून पाण्यात उतरलो नाही. कारणं : १) युनिफॉर्म एकच इस्त्रीचा आहे. २) पाण्याचा अभ्यास चालू आहे. ३) सर्दी.

आदेश आला. काठच्या गावांतल्या वीस लोकांना पोहून बचाव करायला शिकवा. आज पहिला वर्ग घेतला. खाटेवर पालथा पडून हात कसे मारायचे, पाय कसे हलवायचे, हे दाखवलं. पुढे लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र ठेवलं होतं. वीस माणसं उकिडवी बसून बघत होती. एकही हसला नाही. पदाचा मान ठेवणारे लोक आहेत. रेवाबाई तेवढी पदर तोंडात कोंबून उठून गेली. तिला उलटी होत असावी.

शेवटी वाहरूने विचारलं, साहेब, पाण्यात खाट कोण धरणार? हा प्रश्न अभ्यासक्रमात नव्हता.

मग सगळे उठले आणि घरी निघाले. घरं पलीकडच्या काठावर. बोट नव्हती. पोहतच गेले. एक जण डोक्यावर कोंबडी घेऊन. तंत्र अगदीच कच्चं आहे त्यांचं.

१९ मे

मोठे साहेब २८ तारखेला स्वतः प्रात्यक्षिक बघायला येताहेत. सोबत कॅमेरा. त्या शेऱ्यावर यादी. अकरा जागा, अकरावा मी. ही एकच पायरी राहिलीय.

योजना तयार. काठापासून दहा पावलांवर पाण्याखाली एक सपाट खडक आहे, तिथे छातीइतकंच पाणी. वाहरू तिथे बुडायचं नाटक करील, वाचवा वाचवा ओरडेल. मी जाऊन त्याला धरीन आणि दोघं चालत बाहेर येऊ. वरून बघणाऱ्याला चालणं दिसणार नाही. वाहरूशी चारदा तालीम झाली, कोरड्यात. तो फार छान बुडतो.

त्याला ताकीद दिली : मी येऊन धरेपर्यंत तू ओरडायचं थांबायचं नाही. काही झालं तरी.

२८ मे, दुपार

पाण्यात पडलो.

२८ मे, संध्याकाळी ६.३०

आता कपडे वाळलेत, सविस्तर लिहितो.

साहेब दुसऱ्या बोटीतून आले. म्हणाले, पाटील, काठावर कॅमेऱ्यात मजा येत नाही, मधोमध घ्या. मग माझ्या गळ्यातलं जॅकेट बघून म्हणाले, अहो, तज्ज्ञाला कशाला हे? मी म्हटलं, होय सर. काढलं.

वाहरूने उडी मारली आणि ठरल्याप्रमाणे ओरडायला लागला. मी बोटीच्या टोकावर उभा राहिलो. उडी मारायचा माझा निर्णय झालेलाच होता, बोटीने तो जरा लवकर घेतला.

आत सगळं हिरवं. वर कुठे, खाली कुठे कळेना. नाकातून, कानातून, कुठून कुठून पाणी. एकदा वर आलो तेव्हा जिवाच्या आकांताने ओरडलो, वाचवा! तर टाळ्या. अहो, टाळ्या! साहेब, कॅमेरावाला, सगळे टाळ्या वाजवताहेत. बुडणारा माणूस कसा वागतो ते मी दाखवतोय असं त्यांना वाटलं. दुसऱ्यांदा वर आलो, आणखी जोरात टाळ्या. आणि तो वाहरू! मी येऊन धरेपर्यंत थांबायचं नाही म्हणून तो शेजारी पाण्यात बिनघोर उभ्यासारखा तरंगत वाचवा वाचवा करतोय. दोघं ओरडत होतो. त्यातला एकच खरा होता आणि ते कुणाला कळत नव्हतं.

रेवाबाईला कळलं. तिने बकऱ्यांच्या दोराचा फास टाकला, काखेतून आवळला आणि इंजिन चालू करून ओढत काठावर नेलं. उलटा घालून पाठीवर गुडघा दिला. माझ्यातून जे निघालं त्यात एक छोटा मासा होता, असं वाहरू म्हणतो. मला तसं आठवत नाही.

साहेब जवळ आले, खांद्यावर थाप मारली. शेरा त्यांनी तिथेच बोलून दाखवला : अत्यंत वास्तववादी प्रात्यक्षिक, असा माणूस जिल्ह्यात दुसरा नाही.

म्हणजे झालं! घाबरलो होतो मी उगाच. एकंदर कार्यक्रम यशस्वी.

१० जून

मोबाइलला रेंज फक्त टेकडीवर. दम खात खात चढलो. यादी आली होती. अकरा नावं. दहा वाचली. अकरावं : शेख अनीस.

खाली टीप, माझ्यासाठी खास : ‘श्री. पितांबर पाटील यांची सेवा नदी चौकीस अत्यावश्यक असून, त्यांच्या तोडीचा पात्र कर्मचारी मिळेपर्यंत पदोन्नतीचा प्रस्ताव स्थगित ठेवण्यात येत आहे.’ तोडीचा म्हणजे ९८ टक्क्यांचा. दुसऱ्याला ७१ आहेत. निवृत्तीला बावीस महिने राहिलेत.

अनीसचा फोन आला. त्याचा आवाज रडवेला. म्हणे, दादा, मले बी वाईट वाटी ऱ्हायनं, तुन्हा नंबर मन्हा पहिले व्हता. मी फोन ठेवला. ६३ टक्क्यांचा माणूस मला धीर देतोय.

रंजनाने विचारलं, माहेरी काय सांगू? मी म्हटलं, रेंज जातेय.

१२ जून

रात्रभर विचार केला. सत्याची बाजू घ्यायला हवी. अर्ज लिहिला. पहिला मसुदा : पोर्टलच्या चुकीमुळे मार्क वाढले. तो फाडला. दुसरा मसुदा नीट जमला : ‘महिला शिपाई रोशनी पावरा हिने माझ्या अपरोक्ष माझ्या खात्यावर परस्पर परीक्षा देऊन माझी फसवणूक केली. मला पोहण्याचे पुरेसे ज्ञान नाही. तरी मला ठाण्यात परत घ्यावे, पदोन्नती द्यावी व तिच्यावर कारवाई करावी.’

वाईट वाटलं तिच्यासाठी. पण तिची नोकरी अजून बत्तीस वर्षं आहे, माझी बावीस महिने. हिशोबाने बघितलं तर तिलाच जास्त संधी. रेवाबाईच्या बोटीतून अर्ज रवाना केला.

२६ जून

चौकशी अधिकारी आले. तरुण आहेत, चष्मा, शांत बोलतात. बोटीतच पाटावर कागद मांडले.

विचारलं, परीक्षा तुम्ही दिली नाही, तर प्रमाणपत्रावर ‘स्वतः’ लिहून सही कोणाची? म्हटलं, माझी, पण वाचली नव्हती. त्यांनी ते लिहून घेतलं.

मग ३१ मार्चचा कागद काढला. म्हणाले, हा अहवाल कोणी लिहिला? म्हटलं, मीच. त्यांनी तो मोठ्याने वाचला. पुरेसा वेळ, संगणक उपलब्ध, तरी एकही कोर्स नाही, निष्काळजी. मग चष्मा काढून पुसला आणि विचारलं, पाटील, ज्या मुलीने स्वतःचा एकही कोर्स केला नाही, तिने तुमचे सहा करून तुम्हाला अठ्ठ्याण्णव टक्के आणून दिले? स्वतःचं शून्य ठेवून दुसऱ्यासाठी एवढं कोण करतं हो?

खरं होतं, साहेब. अगदी खरं होतं. तिने केलं होतं. पण त्यांच्या तोंडून ऐकताना मलासुद्धा ते खोटं वाटलं.

अनीसचा जबाब झालाय म्हणे. त्याने सांगितलं, कोण बटन दाबी ऱ्हायनं ते मी देखं नही, मी मन्हं करी ऱ्हायनू व्हतू. आयुष्यात हा माणूस एकदाही खोटं बोलला नाही. निदान आज तरी बोलायचं.

४ जुलै

निकाल आला. रेवाबाईच्या बोटीतून, ज्वारीच्या गोणीवर ठेवून. वरून शिंतोडे उडून शाई पसरलीय, तरी वाचता येतंय. दुर्गम भागातली नेमणूक टाळण्यासाठी कनिष्ठ महिला कर्मचाऱ्यावर खोटा आळ. सेवापुस्तकात नोंद. पदोन्नतीचा प्रस्ताव रद्द. नदी चौकीवरची नेमणूक निवृत्तीपर्यंत कायम. १५ ऑगस्टला धरण भरलेलं असताना पाहुण्यांसमोर पुन्हा प्रात्यक्षिक करावे, मधोमध, जॅकेटविना.

सोबत रोशनीच्या जबाबाची प्रत. नाशिकहून दिलेला. तिथे ती वर्गात पहिली आली आणि फौजदार परीक्षेसाठी तिला तिथेच ठेवून घेतलंय. जबाब चारच ओळींचा. माझ्याबद्दल वाईट एक अक्षर नाही. ‘पाटील सरांनी सर्व कोर्स स्वतः केले. एवढी मेहनत घेणारा माणूस मी पाहिला नाही. पोहण्याची तर त्यांना पहिल्यापासून फार आवड. त्यांना पाण्यापासून दूर करू नये, ही विनंती.’

पाच वेळा वाचला. पहिल्यांदा वाटलं, पोरगी किती मोठ्या मनाची. पाचव्यांदा वाटलं नाही.

रंजनाला अजून कळवलं नाही. मला भीती वाटते. हे दुसरीकडे कुठे लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितो. पाणी रोज हातभर वर येतंय. काल जिथे बसून जेवलो तो दगड आज दिसत नाही. मला फार भीती वाटते.

दुपारी रेवाबाई निघाली होती. लाज सोडली, हात जोडले, म्हटलं, बाई, मला पोहायला शिकव. तिने इंजिन बंद केलं. खाली उतरली, पदर खोचला. म्हणाली, शिकवते की, पण साहेब, आधी खरं सांगा, तुम्हाला अजिबात येत नाही ना?

वाहरू बघत होता. काठावरची माणसं बघत होती. मी म्हटलं, तसं थोडं थोडं येतं.

ती म्हणाली, मग मी काय शिकवणार. बोटीत चढली, इंजिन चालू केलं आणि गेली. आता मंगळवारी येईल.